वाचन्याची एक प्रत राहिली, तात्या

तात्या, तुम्ही गेल्याचं मला नऊ दिवसांनी कळलं. त्या नऊ दिवसांत मी तुमच्यावर दोनदा रागावले होते, हे आधी सांगून टाकते. पोस्टमन आमच्या दारावरून पुढं निघून गेला की मी मनात म्हणायचे, तात्या रुसले. मी उत्तर दिलं नाही म्हणून आता तेही लिहीत नाहीत. आणि मग काकूंचं अंतर्देशीय पत्र आलं.

इथं कोइमतुरात आमच्या आळीत मराठी माणसं आम्ही दोघंच. हे गिरणीत गेलेले. कुणाला तरी सांगावं म्हणून शेजारणीकडं गेले आणि माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणाले, तात्या गेले. इकडच्या लोकांत आजोबाला जवळपास तसंच म्हणतात. तिनं वय विचारलं. सत्तावन्न म्हटल्यावर तिला नवल वाटलं, एवढे तरुण आजोबा! मी खुलासा करत बसले नाही. तुम्ही माझे कोण, हे सांगायला मला मराठीतसुद्धा शब्द सापडला नसता.

नात्यानं कुणीच नाही. तुम्ही लासुर्ण्याच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले, यंत्रांच्या कारखान्यातली नोकरी सोडून बारामतीत स्टँडमागं दोन खोल्यांत कॉम्प्युटर मांडून बसलेले. मी सुप्याकडची. आजोबांपर्यंत आमची मेंढरं होती, वडिलांनी ती विकून जिरायती कसायला घेतली. आईच्या आजारपणात आठवीला माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढं आत्याकडं राहून टायपिंगची परीक्षा दिली, तेवढा एक कागद घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले.

"शाळा किती झाली?"

"आठवी."

"झ्याक! म्हंजी कागदावर आपल्या मनचं घालायची खोड लागली नसंल. हे बघ शोभे, कागदावर जे हाय ते टायपायचं. चूक दिसली तरी चूकच टायपायची, आन् मंग मला येऊन सांगायची."

शाळा सुटल्याबद्दल झ्याक म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. त्या दिवशी आत्याकडं जाऊन मी पोटभर जेवले, एवढं आठवतं.

तुमचा वाचन्या तेव्हा जोरात होता. कारखाना असो, डेअरी असो, कॉलेज असो, कुणाचंही काम आलं तरी पहिली पायरी एकच. लांबलचक यादी आत घ्यायची, एकेक ओळ स्वल्पविरामावर तोडायची आणि तुकडे ज्याच्या त्याच्या जागी ठेवायचे. हे करणारा भाग तुम्ही एकदाच सी भाषेत नीट लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं वाचन्या. मग बारामती-इंदापूरकडं ज्या कुणी प्रोग्रॅम लिहायला घेतला त्यानं तुमचा वाचन्या आत जोडून घेतला. तुम्ही तो कुणालाही द्यायचात, अट एकच, फ्लॉपी नेताना वहीत नाव आणि ठिकाण लिहायचं. "माझं लेकरू कुणाच्या घरी नांदतंय ते मला ठावं पायजे," म्हणायचात.

नावासाठी वाचन्यात चाळीस घरं का, हे मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, माझ्या माहितीतलं सगळ्यात लांब नाव माझ्या सासऱ्यांचं, इंग्रजीत एकतीस अक्षरं. त्यावर आठ मोकळी सोडली आणि शेवटाच्या खुणेला एक. आतून काकू ओरडल्या, "नावं ठिवायला माझा बापच घावला व्हय?" आपण किती हसलो होतो.

त्या चाळिसानंच घात केला.

एका साखर कारखान्याचं ऊसनोंदीचं काम आपल्याकडं होतं. कुणी ऊस कधी लावला त्या तारखेवरून तोडणीची पाळी लावायची. गावोगावची नोंद घेऊन यायचे ते चिटबॉय सोपानराव. पन्नाशी उलटली तरी बॉयच, हा त्यांचा स्वतःचाच विनोद. त्यांच्या एका गावात एकाच नावाचे तिघं शेतकरी होते. नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं एक. आदल्या हंगामात एकाची तोडीची चिठ्ठी दुसऱ्याला गेली आणि पारावर कॉलर धरेपर्यंत वेळ आली. म्हणून त्या वर्षी सोपानरावांनी कुणाला नाव ठेवायला जागा सोडली नाही. नावापुढं आजोबांचं नाव, त्यापुढं वस्ती, त्यापुढं विहिरीच्या वरच्या अंगाचे की खालच्या अंगाचे, सगळं लिहिलं. कागदावर होतं ते मी टायपलं. एक अक्षर गाळलं नाही.

तिघांचा ऊस आडसाली, म्हणजे सगळ्यांच्या आधी लावलेला. पाळी दिवाळीनंतर लगेच यायची. माघ आला तरी ऊसतोडीची टोळी आली नाही, तेव्हा तिघंही मिळून शेतकी ऑफिसात धडकले आणि साहेबांनी आपल्याला बोलावून घेतलं.

"तात्या, मशीन चुकत नसतं," साहेब म्हणाले. "आठवी झालेली पोरगी बसवलीय तुम्ही. तिनं तारखाच टाकल्या नाहीत. तारीख नाही म्हणून मशीननं यांना शेवटाला लोटलं."

"चूक कुणाचीबी असूंद्या, सायेब," तिघांतला थोरला म्हणाला, "माज्या उसाला तुरा आलाय. त्याची पिसं लावून मोर नाचवू का फडात?"

मी तारखा टाकल्या होत्या. पण टाकल्या होत्या का? घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेलं की परत येऊन कुलूप ओढून बघणारी मी. तुम्ही माझ्याकडं बघितलं आणि साहेबांना म्हणालात, "एक दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज आल्यावर आपण बसलो. मी नाव टायपायचं, तुम्ही वाचन्या चालवायचा. दर खेपेला नावात एक अक्षर वाढवायचं. पस्तीस, बरोबर. अडतीस, बरोबर. एकोणचाळीस, बरोबर. चाळीस झाली आणि तारखेची जागा कोरी. एक्केचाळीस केली, तर तारखेच्या जागी नावाचं शेवटचं अक्षर येऊन बसलं.

तुम्ही चष्मा काढला. मग माझ्यासाठी म्हणून बोललात, पण खरं तर स्वतःशीच. "मेमरी म्हंजी वाफं हायेत बघ, एकाला एक लागून. नावाचा वाफा वर, तारखेचा त्याच्या खाली. फायलीत तारीख आधी येती, तिचं पाणी आधी बसलेलं असतंय. मंग नावाचं पाणी सुटतंय. वाफा भरला का न्हाय ते बघून दारं मोडून पाणी वळवायला कुणी उभं पायजे ना? मी उभंच केलं न्हाय कुणाला. पाणी बांध फोडून खालच्या वाफ्यात, आन् तारीख गेली वाहून. दारं धरून धरून हाताला घट्टं पडल्याली माझ्या, आन् हितंच कसा इसरलो?"

मला तेव्हा एवढंच कळलं की मी तारखा टाकल्या होत्या. मी रडले ते सुटकेनं. तुम्हाला वाटलं, तुमच्यासाठी. ते तसंच राहू दिलं, तात्या. तेही आज सांगते.

ऑफिसात तुम्ही खुर्चीवर बसला नाहीत. उभ्यानंच म्हणालात, "सायेब, पोरीची बोटं बरोबर हायेत. ती खोटं करत न्हाय. चूक माज्या वाचन्यात हाय." तिघांचा ऊस साहेबांनी सगळ्यांच्या आधी तोडायला लावला, आणि पुढच्या हंगामाचं काम दुसऱ्या कुणाला दिलं. बाहेर पडल्यावर तुम्ही मला चहा पाजलात. तिथंच वही उघडलीत. वाचन्या जिथं जिथं नांदत होता त्या ठिकाणांनी दोन-अडीच पानं भरली होती.

मग तुमची फेरी सुरू झाली. मोपेडच्या पिशवीत नव्या वाचन्याच्या फ्लॉप्या, आज इंदापूर, उद्या भिगवण, परवा फलटण. लांबच्या गावाला एसटीनं मीही यायचे. लोक काय म्हणायचे ते आठवलं की आजही हसू येतं. "आमचं तर झकास चाललंय की तात्या, कशाला हात लावताय?" एका कॉलेजातला क्लार्क तर म्हणाला, "फुकट दिलं तवाच मला वाटलं होतं, यात काहीतरी खोट असणार." तुम्ही हात जोडून म्हणालात, "तुमी हुशार. आमाला आत्ता कळलं." आणि त्याच्याच खुर्चीत बसून जुना काढून नवा जोडलात.

आपलं भांडण लागलं ते याच फेरीत. घरी परत चाचण्या करताना तुम्हाला आणखी एक गोष्ट सापडली होती. नाव खूपच लांब केलं तर पाणी तारखेवर थांबत नव्हतं. आणखी खाली जात होतं, जिथं मशीननं पुढं काय करायचं ते लिहिलेलं असतं तिथपर्यंत. म्हणजे कुणी डोकेबाज माणसानं नावाच्या शेपटीत मुद्दाम बेतून काही घातलं, तर बाहेरून आलेली साधी यादी वाचता वाचता मशीन त्या माणसाचा हुकूम ऐकायला लागेल. हे तुम्ही प्रत्येक ठिकाणी सांगत होता. मला ते सहन होईना.

"नवीन वाचन्या आलाय, जुना काढा, एवढंच सांगा ना," मी एकदा भिगवणच्या स्टँडवर म्हणाले. "हुकमाचं कशाला सांगायचं? ऐकणाऱ्यातच एखादा वाकड्या डोक्याचा निघाला तर?"

"निघंल की."

"मग?"

"मंग काय? आगं, निस्तं नवीन हाय म्हटलं तर कोण जुनं काढतंय? बघितलंस न्हवं? भ्या वाटल्याबिगर माणूस उठत न्हाय."

"तुमचं नाव खराब होतंय, तात्या."

"झालंच हाय ते. आता त्याचा उपेग तरी होऊंदे."

मी तीन स्टॉप तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही गोळ्या-बिस्किटं विकणाऱ्याकडून लिमलेटच्या गोळ्या घेऊन माझ्या मांडीवर ठेवल्यात, तरी नाही. त्या वेळी वर्तमानपत्रांत दोन आकडी सालाचीच चर्चा होती, सन दोन हजार उजाडलं की सगळी मशीनं गोंधळणार म्हणून. तुम्ही म्हणायचात, ते सगळ्यांना ठाऊक झालंय म्हणून ते दुरुस्त होणार. आपलं कुणाला ठाऊक नाही, ते आपणच बोललं पाहिजे. मी म्हणायचे, बोलल्यानं चोराला वाट कळते. लग्न होऊन इकडं आले तरी पत्रांतून हेच चाललं होतं. शेवटचा शब्द कुणाचाच झाला नाही.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते.

वहीतली यादी पुरी नव्हती, तात्या. चूक सापडायच्या आधी वर्षभर, इंदापूरला कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा माझा मामेभाऊ दत्ता आला होता. तुम्ही लासुर्ण्याला गेला होता. "तुज्या तात्याचा तो वाचन्या दे की," म्हणाला. मी म्हणाले, वहीत लिहावं लागेल. तर म्हणाला, "आठवी शिकलीस आन् म्हामलेदारीण झालीस व्हय गं?" मला झोंबलं. आपल्या हातात काहीतरी आहे, हे त्याला दाखवायचं होतं. फ्लॉपी दिली आणि वही उघडलीच नाही. दत्तानं त्यावरून एका बाळंतपणाच्या दवाखान्याला पेशंटची यादी करून दिली. तुमचाच साचा, फक्त तारखेच्या जागी त्यानं रक्तगट घातला.

ज्या दिवशी तुम्ही साहेबांसमोर म्हणालात, पोरगी खोटं करत नाही, त्याच दिवशी मी सांगायला हवं होतं. त्याच वाक्यामुळं सांगता आलं नाही. दत्ताला चोरून पत्र लिहिलं, तर त्याचं उत्तर, "चालतंय चांगलं, कशाला काळजी करतीस?" तेवढ्यावर मी गप्प बसले. पण गप्प बसून काळजी थांबत नाही. तारखेच्या जागी एखादं भलतंच अक्षर आलं तर ते डोळ्याला खुपतं. रक्तगटाच्या जागी ए आला तर कुणाला खुपणार? आणि आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखान्यात बाईचं नाव लिहिताना नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव आणि पुढं माहेरचं गाव, माहेरचं नाव, सगळं येतं. चाळिसाला पोचायला किती वेळ लागतो? डॉक्टर रक्त देण्याआधी पुन्हा तपासतात, हे मी मनाला शंभरदा सांगितलं. दर वेळी मन म्हणायचं, घाईत?

तुमचं शेवटचं पत्र माझ्या डब्यात आहे. "शोभे, वही पुरी होत आली. वाचन्या आणखी कुठं गेल्याचं तुझ्या माहितीत असेल तर कळव. नसेल तर नाही म्हणून कळव, म्हणजे वही मिटवतो." दोन महिने मी रोज उत्तर लिहीत होते. कागदावर उतरलं नाही.

काकूंनी लिहिलंय, दुपारी जेवून खुर्चीत टेकले ते तसेच गेले. आणि पुढं, त्यांच्याच शब्दांत: "जायच्या आधल्या आठवड्यात म्हणाले, शोभीचं पत्र आलं न्हाय म्हंजी आता कुठं राह्यलेलं न्हाय. असतं तर पोरगी कळविल्याबिगर राह्यली नसती. आन् वही ट्रंकेत टाकली."

माझ्या न लिहिण्याचाही तुम्ही चांगलाच अर्थ लावलात. तुमच्यावर रागवावं असं खरं कारण मला हे एवढंच मिळालं. इतका भरवसा कुणावर ठेवू नये, तात्या.

काल सकाळी बूथवर गेले. दत्ताला फोन केला नाही. त्यानं मला उत्तर लिहिलं होतं ते दवाखान्याच्या छापील कागदावरच, त्यावरचा नंबर लावला. डॉक्टरीणबाई स्वतः फोनवर आल्या. मी मनात वाक्य जुळवून नेलं होतं, तुमच्या यादीच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आहे, एवढंच. ते अर्धं बोललेही. पलीकडून उत्तर आलं, "आमचं चांगलं चाललंय हो. ओपीडी चालू आहे, नंतर बोला."

तेव्हा मी म्हणाले, "बाई, फोन ठेवू नका. तुमच्या यादीवरचा रक्तगट खोटा असू शकतो."

मग सगळं सांगितलं. चाळीस घरं, वाफा, बांध. माहेरचं नाव. वाकड्या डोक्याच्या माणसाचं आणि हुकमाचंही सांगितलं, एक शब्द राखून ठेवला नाही. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी स्वतः दारोदार जाऊन चूक सांगितली, आता ते नाहीत. तुमच्या दारात ते आले नाहीत, कारण मी त्यांना तुमचं दार दाखवलं नाही, हेही सांगितलं. आमच्या फेरीतली एक फ्लॉपी माझ्याजवळ आहे, नवा वाचन्या आजच टपालात टाकते, दत्ताकडून जोडून घ्या म्हणाले.

बाई मधे एकदाच बोलल्या, "किती अक्षरांनंतर?" मी आकडा सांगितला. मग त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. "सिस्टर, स्क्रीनवरचे रक्तगट आत्तापासून कुणी धरायचे नाहीत. लॅबचे मूळ कागद काढा. आज टेबलवर कोण आहे, तिचा आधी बघा."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी होते. तिकडं कपाटाची दारं वाजत होती, कुणीतरी नावं मोठ्यानं वाचत होतं. बऱ्याच वेळानं त्या परत आल्या.

"आजच्या पेशंटचा बरोबर आहे," म्हणाल्या. "मागचे सगळे आम्ही ताडून बघू, आठवडा तरी जाईल. काही चुकीचं निघालं, तर तुम्हाला कळवायचं का? की नको?"

नको म्हणायला तोंड उघडलं होतं, तात्या. मग इथला पत्ता सांगितला, पिनकोडसकट, आणि त्यांच्याकडून परत वाचून घेतला.